भरलेलें भांडें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही पांचगणीस आत्याकडे राहिलों होतों. परततांना वडिलांनीं आपली विजेची सायकल वाईपर्यंत मला चालवूं दिली. तिच्या मागच्या चाकाच्या मध्यभागीं बिनगिअरची मोटर आहे. उतारावर मुठीजवळची कळ दाबली कीं तीच मोटर जनित्र बनते, चाकास रोधते आणि निर्माण झालेली थोडी वीज बॅटरींत परत धाडते. हा रोध बटणानें कमीजास्त करतां येतो. मीं तो सर्वांत अधिक ठेवला व निश्चिंत झालों.

पसरणीच्या घाटांतील पहिल्याच वळणावर कळ दाबली. पण सायकल मंदावेना! छातींत धस्स झालें. दोन्ही हातांनीं साधे ब्रेक आवळले, तेव्हां कठड्यापाशीं कसाबसा थांबलों.

मागून साध्या सायकलीवर येणारे वडील जवळ येऊन म्हणाले, "अरे, बॅटरी रात्रभर लावून तूं पूर्ण भरलीस ना? भरलेल्या भांड्यांत आणखी पाणी कसें मावणार? बॅटरीस अपाय होऊं नये म्हणून यंत्र अशा वेळीं हा रोध आपण होऊन बंद करतें."

तेव्हांपासून घाट उतरावयाचा असला म्हणजे मी बॅटरी थोडी रिकामी ठेवितों आणि साधे ब्रेक आधीं तपासतों. यंत्राची सोय अवश्य घ्यावी. परंतु त्याची मर्यादा जाणल्यावांचून त्यावर विसंबूं नये.