अकरावीतून दहावीत

माणसाने पुढे जावे, ही शिकवण आम्हां मास्तरांच्या तोंडी इतकी बसली आहे की, कोणी मागे जायचे म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. पण अकरावीत गेलेल्याला परत दहावीत बसवा, असा अर्ज घेऊन कोणाच्या दारात उभे राहण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. ती यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत आली. अर्ज माझाच होता आणि विद्यार्थी होता माझा लॅपटॉप.

झाले असे. घरोघरीच्या संगणकांत जी खिडक्यांच्या नावाची कार्यप्रणाली असते, तिची दहावी आवृत्ती आमच्या घरी सुखाने नांदत होती. अकरावी आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. पण मी तिच्या वाटेला गेलो नाही. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी दहावीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि चिरंजीवांनी भुणभुण लावली. "बाबा, कडी मोडलेल्या घरात राहण्यासारखं आहे हे!" शेवटी मी पेपर तपासण्यात गढलेला पाहून एका रात्री त्याने ते कार्य उरकून टाकले. सकाळी पाहतो तो, डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसणारी चित्रे खालच्या पट्टीवर मधोमध येऊन बसलेली! मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. नवी सून घरातले डबे हलवते, तेव्हा चार दिवस साखरेऐवजी मीठ हाती येते, एवढेच.

वाईट वाटले ते तीन आठवड्यांनी.

माझे वडील, नाना, सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी संगणक घेतला आणि गावाकडचे शब्द त्यात भरायला सुरुवात केली. शेताचे, गोठ्याचे, चुलीजवळचे. दोन बोटांनी टाइप करीत. एक शब्द, त्याचा अर्थ, तो कोणाच्या तोंडून ऐकला ते. सात वर्षे हा उद्योग चालला. नाना गेले, तो संग्रह एका पेनड्राइव्हवर राहिला. या कार्तिकात आईचे सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी नानांचे पुस्तक छापून तिच्या हाती ठेवायचे, असे मी मनाशी ठरवले होते.

नानांचा मराठी टंकलेखनाचा कार्यक्रम जुन्या वळणाचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली होती आणि तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' टंकही पुढे घरोघरच्या संगणकांत आला. परंतु जुने कार्यक्रम निराळ्या हिकमतीवर चालत. आत इंग्रजी अक्षर साठवायचे आणि वर त्याला मराठी अक्षराचा मुखवटा घालायचा. मुखवटा निघाला की खाली उरते ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. त्यातून नानांच्या कार्यक्रमाला एक अंगठ्याएवढी किल्ली लागे. ती संगणकाला खोचली, तरच त्याचे दार उघडायचे. दहावी त्या किल्लीला ओळखत होती. अकरावीने ओळख दाखवली नाही.

नानांचे सात वर्षांचे काम माझ्यासमोर होते आणि त्यातले एक अक्षर मला वाचता येत नव्हते. मराठीचा प्राध्यापक मी!

माझा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवतो. मराठीत तो जेमतेम पास झाला होता. माझी हकीकत ऐकून म्हणाला, "सर, दहा दिवसांच्या आत आला असतात, तर एका बटणावर मागे नेलं असतं. जुनी प्रणाली तेवढे दिवस आत जपून ठेवलेली असते. मग तिची आवराआवर होते. आज कितवा दिवस?"

"एकविसावा."

"मग आता घर पाडूनच बांधायचं."

त्याने आधी माझ्या सगळ्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी काढल्या. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर दहावी उतरवून घेतली. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि मग कळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. "सर, आतलं सगळं पुसलं जाईल. नक्की ना?" मी मान हलवली, पण त्या क्षणी मला परीक्षेच्या खोलीत बसल्यासारखे झाले. तासाभराने दहावी आली, ती आंधळी आणि मुकी. वायफाय नाही, आवाज नाही. ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरची तजवीज करीत संध्याकाळ झाली. अखेर त्याने किल्ली खोचली. "इंटरनेट मात्र बंद ठेवा. बँकेचं काम तर यावर मुळीच नको," एवढी तंबी देऊन त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर नाना होते. पहिल्याच पानावर 'इर्जिक', 'शिवळ', 'सावड'. आणि 'शिवळ' शब्दापुढे एक ओळ : "व्युत्पत्ती? चि. स विचारणे."

चि. म्हणजे मी.

घरी येऊन मोजले. ती ओळ त्रेसष्ट ठिकाणी होती. नानांचा फोन यायचा, तो मला आठवला. "वेळ आहे का रे दोन मिनिटं? एक शब्द विचारायचा होता." कधी माझ्या परीक्षा चालू असत, कधी चर्चासत्र. "नाना, पुढच्या आठवड्यात बोलू," असे मी म्हणत असे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त नोंद करून ठेवली.

महिनाभर आमच्या घरात एकच काम चालले. मजकूर युनिकोडात आणताना पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या आणि 'वाऱ्या'तल्या 'ऱ्या'चा चुराडा झाला. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडात नंतर. ते निस्तरायला चिरंजीव बसला. मी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश मांडीवर घेऊन बसलो. आई पलंगावरून ऐके. 'इर्जिक' वाचले, तशी म्हणाली, "शेजाऱ्यापाजाऱ्यांनी औतं घेऊन यायचं आणि एका दिवसात एकाचं रान उरकायचं, एवढंच लिहिलंय? मग संध्याकाळी त्यांना जेवू कोण घालायचं? ते राहिलंच की त्यांचं!" तिचे वाक्य मी नानांच्या नोंदीखाली तिच्या नावाने घातले.

'सावड' या शब्दाचा अर्थ नानांनी असा दिला आहे : "आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू." माझ्या रानात ते जन्मभर राबले. त्यांच्या रानात जायला मला उशीर झाला.

त्रेसष्टपैकी एक्केचाळीस शब्दांची उत्तरे मिळाली. बावीस माझ्या विद्वत्तेला दाद देईनात. पुस्तक आता छापखान्यात आहे. त्या बावीस शब्दांपुढची ओळ खोडू का, असे छापखान्यातून विचारले, तेव्हा मी नको म्हटले.

काम संपल्यावर चिरंजीवाने जरा भीतभीतच विचारले, "बाबा, आता चढवू अकरावीत?"

"चढव," मी म्हटले. "पण दहा दिवस माझ्या लक्षात आणून देत जा."