बाणाखालचा मेघ

भोरच्या पलीकडच्या आमच्या गावात यंदा देवळासमोर हायमास्ट लागला. पौषात गेलो तेव्हा अंगणातून मृग नक्षत्राच्या पोटातला बाण दिसला, पण त्याच्याखालचा अंधुक ठिपका, मृगाचा तेजोमेघ, पुसून गेला होता. रस्ता उजळला याचा राग नाही. अर्धा उजेड आभाळात फेकणारा दिवा कुणी निवडला, याचा आहे. तो राग जात नाही.

तो ठिपका मी प्रथम शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीतून पाहिला. चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन, भोवती हिरवट धूसर काहीतरी. रोखून बघावं तर ते विरायचं. सर म्हणाले, ‘‘त्याच्याकडे नको बघूस. जरा बाजूला बघ.’’ बाजूला बघितलं, आणि मेघाचे दोन्ही पंख उघडले.

पुढे कॅमेऱ्यात आला तो मात्र लाल. त्या चौकोनातला सर्वांत तापलेला तारा अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते परत जागेवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर नेमका हाच लाल बराचसा अडवतो, म्हणून मी तो काढून घेतला. मधला भाग इतका तेजस्वी की काही सेकंदांत जळतो, पंखांना मिनिटंच्या मिनिटं लागतात. दोन्ही प्रकारच्या फ्रेम वेगवेगळ्या घ्यायच्या, एकावर एक रचायच्या. रात्रभर थंडीत बसून हे केल्यावर कुणी ‘‘रंग नंतर भरलाय ना?’’ म्हणतं, तेव्हा मला फार लागतं. बदामीच्या चालुक्यांच्या काळात, सुमारे १३५० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो. मी फक्त साठवला.

मग गच्चीवरचा हिरवा कुठला? तोही खराच. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लाल जवळजवळ दिसत नाही. ५०० नॅनोमीटरच्या आसपास तो डोळा सर्वांत संवेदनशील असतो, आणि मेघाची ठळक हिरवी रेषा बरोबर तिथेच, ५००.७ वर आहे. प्रयोगशाळेत ती रेषा कुणालाच सापडेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. वायू इतका विरळ की अणूला बराच वेळ कुणाचा धक्का लागत नाही, तेव्हाच तो हा प्रकाश देतो.

इथे पुण्याबद्दल बोललंच पाहिजे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी या मेघाचा पहिला फोटो काढला, हे सगळीकडे छापलेलं असतं. त्यानंतर साधारण दशकभरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवाला याच हिरव्या रेषेला वर्णपटदर्शक लावून बसले होते. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या पट्ट्याचा अवशेष होती. तसं असतं तर एका अंगाला विरत गेली असती. नेगमवालांना ती नेहमी बारीक आणि धारदारच दिसली, आणि १८९१ मध्ये त्यांनी तसं छापून सांगितलं. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या आवारावरून जाताना मी दर वेळी त्यांचं नाव मनात घेतो.

बाजूला बघितल्यावर मेघ का दिसतो, तेही नंतर कळलं. डोळ्यातल्या पडद्याच्या ऐन मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशीच नसतात. त्या कडेला असतात.

आईच्या डोळ्यांचा तो मध्यभाग आता गेला आहे. वाचणं थांबलं. बोलताना ती माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघते. नातेवाईकांना वाटतं, हिचं लक्ष नाही. मला ठाऊक आहे, ती मला बघतेय. डॉक्टरांनी शिकवायच्या आधीच तिला ते बाजूला बघणं आपोआप जमलं होतं. मेघाचा फोटो मोठा छापून आणला तेव्हा मान वळवून ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘डावा पंख मोठा आहे रे.’’