धूर कीं धुकें?

परवा रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमची नात आम्हांस गच्चीवर घेऊन गेली. मृग नक्षत्र चांगलें वर आलें होतें. राजन्य ताऱ्याच्या पश्चिमेस, कृत्तिकांच्या पुष्कळ खालीं दक्षिणेकडे, एक अंधुक तारा तिनें बोटानें दाखविला. "आजोबा, तो एप्सिलॉन एरिडॅनी. त्याला ग्रह आहे." आमच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांस तो दोनदां दिसला आणि तीनदां हरपला; परंतु 'ग्रह' हा शब्द ऐकून आम्हांस निराळीच आठवण झाली.

१९८६ सालची गोष्ट. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें काय तें संस्कृत. परंतु शास्त्राचे मास्तर रजेवर गेल्यामुळें सातवीचा तो विषय वर्षभर आमच्या गळ्यांत पडला होता. वार्षिक परीक्षेंत एका मुलानें लिहिलें, 'इतर ताऱ्यांभोंवतींही ग्रह असतील.' आम्हीं तांबड्या शाईनें तें वाक्य खोडलें, एक गुण कापला व शेजारीं शेरा मारला, 'कोणीं पाहिले?' मुलगा उत्तरपत्रिका घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, इतक्या लांबचे दिसणार कसे?" आम्हीं त्यास जागेवर बसविलें.

वाचकहो, हा प्रश्न न्यायशास्त्राचा होता, आणि तो आम्हांसच कळला नाहीं! जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून ती नाहीं असें म्हणतां येतें. खोलींत घट नाहीं हें असें कळतें. ज्योतीजवळचें चिलट कोसभर अंतरावरून दिसलें नाहीं म्हणून तें नाहींच, असें ठरत नाहीं.

नातीचा हा तारा साडेदहा प्रकाशवर्षें दूर आहे. सूर्याहून लहान, रंगानें नारिंगी, तेज सूर्याच्या सुमारें एक-तृतीयांश, आणि वय शंभर कोटी वर्षांच्याही आंत, म्हणजे ताऱ्यांत पोरच. १९६० सालीं अमेरिकेंत फ्रँक ड्रेक यांनीं रेडिओ-दुर्बीण लावून ज्या दोन ताऱ्यांकडून कोणी बोलतें कां हें ऐकलें, त्यांतला हा एक. ग्रह आढळला तो मात्र अनुमानानें. ग्रह फिरतांना ताऱ्यासही किंचित् डोलवितो. तारा आपल्याकडे येतांना त्याच्या वर्णपटांतील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जातांना तांबड्या. डोंगरावरील धुरावरून अग्नि ओळखावा, तसेंच हें.

परंतु धुक्यास धूर समजणारा फसतो, आणि येथें तर तारा स्वतःच चंचल! त्याच्या अंगावर मोठमोठे डाग आहेत. सुमारें अकरा दिवसांत तो स्वतःभोंवतीं फिरतो तसें त्याचें तेज कमीजास्त होतें, आणि डागांमुळें रेषाही हलल्याचा भास होतो. म्हणून १९८८ सालीं कॅनडांतील ब्रूस कँपबेल प्रभृतींस ग्रहाचा संशय आला, २००० सालीं तो जाहीर झाला, तरी वाद मिटला नाहीं. ग्रहाच्या एका फेऱ्यास सात वर्षांहून अधिक लागतात. तितका धीर धरून वेध घ्यावे लागले. असा धीर नसला कीं काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. मद्रास वेधशाळेचे कॅप्टन जेकब यांनीं १८५५ सालीं ७० ऑफियूकी या नारिंगी जोडताऱ्यापाशीं ग्रह असावा असें प्रसिद्ध केलें. तें पुढें टिकलें नाहीं. हे जेकब १८६२ सालीं पुण्यांत वारले.

२०१५ सालीं नातीच्या ताऱ्यास 'रान' व ग्रहास 'एगिर' अशीं नांवें मिळालीं. उत्तर युरोपच्या पुराणांत एगिर हा समुद्राचा राक्षस, रान त्याची बायको. बायको मध्यभागीं आणि नवरा तिच्या भोंवतीं, ही योजना आमच्या घरांत फार पसंत पडली.

"मग आजोबा, धूर कीं धुकें?" नातीनें विचारलें. इतक्या वर्षांच्या वेधांनंतर बहुतेक ज्योतिर्विद धूर म्हणतात, असें आम्हीं सांगितलें.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडलेला असेल. त्याच्या भावाकडून पत्ता मिळवून आम्हीं त्यास एक कार्ड घातलें आहे, कीं तुझा एक गुण आमच्याकडून येणें आहे. उत्तर अद्याप आलें नाहीं.