एक गुणपत्रिका आणि पाच दिवस

बारावीचा निकाल लागला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एकच बोलणे सुरू होते, पोराला आता कुठे घालायचे? अमरावती-अकोल्याला कॉलेजांची वानवा नाही. अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ सालची, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. अशा ठिकाणी टक्के नाही तर सीईटीचे गुण पाहतात. गुण बसले की प्रवेश झाला.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला मात्र सैन्यात अधिकारी व्हायचे होते. भाऊ मला म्हणाला, “दादा, टक्के तर चांगले आहेत, मग अडचण कशाची?” तुमच्याही मनात हेच येईल, म्हणून सविस्तर सांगतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए आहे. तिची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. देशभरातून लाखो मुले अर्ज भरतात आणि जागा दर खेपेला सुमारे ४००. लेखी परीक्षा ९०० गुणांची. पुढे निवड मंडळापुढची मुलाखत, तीही ९०० गुणांची! नाव मुलाखत, पण चालते पाच दिवस. आपण बैल घेताना नुसते दात पाहत नाही. चालवून पाहतो, जुंपून पाहतो. इथेही तसेच आहे. पहिल्याच दिवशी अनेकांना परत पाठवतात. उरलेल्यांना चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. फळ्या, दोर आणि पिंप देऊन सगळ्यांनी मिळून अडथळा पार करा म्हणतात. कोण हुकूम सोडतो, कोण खांदा देतो, कोण रुसून बसतो, हे साहेब लोक गुपचूप टिपून घेतात. मग डोळ्यांपासून पायांपर्यंत वैद्यकीय तपासणी. एवढे सगळे पार करूनही यादीत नाव खाली गेले तर जागा मिळत नाही.

इतकी पारख कशाला? कॉलेजची निवड चुकली तर पोराचे एक वर्ष जाते. इथून निघालेल्या पोराच्या हाती तीस-पस्तीस जवानांचे जीव असतात.

आमचा पोरगा लेखी पास झाला आणि भोपाळहून पाचव्या दिवशी परत आला. गाव म्हणाले, नापास झाला. भाऊ म्हणाला, “पुरे आता, वावरात ये.” मी म्हटले, लाखांतून तिथवर गेलेला पोर नापास कसा? आज तो अमरावतीला बी.एस्सी. करतो आहे. पदवीनंतर सीडीएस परीक्षेचे दुसरे दार उघडे असते. त्यातून तो जाईल की नाही, मी सांगू शकत नाही. पण वाट बंद झालेली नाही.

तुमच्या घरी असे पोर असेल तर तयारी दहावीपासून करा. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर परीक्षा व मुलाखत घेऊन मुलांना घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. एनडीएत २०२२ पासून मुलीही जातात. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. गणित आणि इंग्रजी पक्के करून घ्या, कारण प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाहीत. वयाचीही मर्यादा आहे, साडेसोळा ते साडेएकोणीस.

आणि क्लासपायी सातबारा गहाण टाकू नका. निवड झाली तर शिक्षणाचा, राहण्याजेवणाचा खर्च सरकार करते. कुणी पैसे घेऊन निवड करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. एनडीएचा अर्ज भरा, त्याबरोबर कॉलेजचाही भरा. पोर परत आले तर आधी त्याला जेवू घाला, काय झाले ते नंतर विचारा.