आकडा येतो कुठून?

आज दिवसभर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधल्या एका जुन्या फॉर्मच्या मागे लागलो होतो. पडद्यावर शिल्लक साठा दिसतो. तो येतो कुठून, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. डिझाइन व्ह्यूमध्ये प्रॉपर्टी शीट उघडून ‘रेकॉर्ड सोर्स’ पाहिला. तिथे टेबल नव्हतं, क्वेरी होती. ती दुसऱ्या क्वेरीवर उभी, आणि दुसरी लिंक केलेल्या टेबलवर. ते टेबल भलत्याच फाइलमध्ये!

एवढ्यावर भागत नाही. एका चौकटीचा ‘कंट्रोल सोर्स’ बरोबरच्या चिन्हाने सुरू होत होता. म्हणजे तिथला आकडा साठवलेला नाहीच. त्यातलं डीलुकअप हे फंक्शन तो दरवेळी दुसरीकडून उचलतं. ड्रॉपडाउनच्या यादीचा ‘रो सोर्स’ आणखी वेगळा. शिवाय फॉर्म उघडताना चालणारा व्हीबीए कोड रेकॉर्ड सोर्सच बदलू शकतो. त्यामुळे लोड इव्हेंट वाचल्याशिवाय प्रॉपर्टी शीटवर विसंबू नये.

नीटनेटका फॉर्म पाहिला की आपण शंका घेणंच सोडतो. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आकड्याचं मूळ मात्र विचारावंच, आणि सापडलं की लिहूनही ठेवावं.