कोर्दोबा, सगळ्यांसोबत

ऐतिहासिक शहर एकटीनेच पाहावं, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत ऐकवतही असे. टोलेडो मी तसंच पाहिलं होतं: आधी भरपूर वाचन, मग हातात नकाशा, सोबतीला कुणी नाही. ग्रुप टूर म्हणजे गाइडच्या झेंड्यामागे धावणं, अशी माझी समजूत होती. दक्षिण स्पेनच्या सहलीला गेले ती बहिणीच्या आग्रहाखातर. कोर्दोबात माझं मत बदललं, आणि ते ग्रुपचे सगळे तोटे डोळ्यांसमोर असताना बदललं.

मेझकिताचा, म्हणजे कोर्दोबाच्या जुन्या मशिदीचा, इतिहास मला पाठ होता. पहिल्या अब्द अल-रहमानने 785 च्या सुमारास मशिदीचं काम सुरू केलं, पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. 1236 मध्ये तिसऱ्या फर्डिनांडने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. 1523 मध्ये नगर परिषदेचा विरोध डावलून, पंचम चार्ल्सच्या संमतीने, खांबांच्या ऐन मधोमध कॅथीड्रल उभारायला घेतलं. आत आज साडेआठशेहून जास्त खांब आहेत. एवढं सगळं माहीत असूनही, लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींखाली उभी राहिले तेव्हा त्या मला फक्त सुंदर दिसल्या.

आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. सगळे वर बघत असताना ते एकेका खांबाच्या बुडाशी वाकत होते. मला हाक मारून म्हणाले, "ताई, हे बघा. हा खांब थेट फरशीत गेलाय आणि त्या पलीकडच्याला खाली बैठक दिलीय. मापं एक नाहीत." खरंच नव्हती. रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे काढून आणलेले खांब, कुणी बुटका, कुणी उंच. त्यांच्यावर एवढं अवाढव्य छप्पर पुरेशा उंचीवर न्यायचं कसं, हा बांधणाऱ्यापुढचा पेच. म्हणून बारीक खांबाच्या डोक्यावर आणखी एक जाड दगडी खांब चढवला आणि कमानींचे दोन थर केले. खालची, घोड्याच्या नालासारखी कमान खांबांना ढळू देत नाही, छपराचा भार घेते ती वरची अर्धगोल कमान. वरच्या भिंतींवरून पावसाच्या पाण्याच्या पन्हळी जातात, म्हणून त्या भिंती जाड. काका हवेत बोटांनी आकृत्या काढत होते आणि आम्ही गाइडला विसरून त्यांच्याभोवती गोळा झालो होतो. बाहेर संत्र्यांच्या अंगणात एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्यात जाणारे दगडी पाट दिसले, तशी त्यांची पावलं आपोआप त्या पाटांमागे निघाली. त्यांच्या मागोमाग मीही ते अंगण पालथं घातलं. एकटी असते तर पुस्तकात ज्याचं कौतुक वाचलं होतं, तेवढंच बघून परतले असते.

जेवणाचं तर आणखी सरळ आहे. अंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, एकट्या माणसाने पूर्ण बशी मागवली तर तीच संपवावी लागते. तिथली 'रासियोन' टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी खायची असते. आम्ही साल्मोरेहो मागवलं: टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घोटून केलेलं, गार आणि दाट. वर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे, म्हणजे हामोनचे, तुकडे असतात. शाकाहारी मंडळींसाठी ते आधीच सांगून काढायला लावले. मग आल्या वांग्याच्या तळलेल्या कुरकुरीत चकत्या, त्यावर काळसर पाकाची धार. मेनूवर त्यांना मधातली वांगी म्हटलेलं होतं. मी एकटी असते तर मागवलीच नसती.

शेजारी कोल्हापूरकडच्या एक काकू होत्या. माहेरी गुऱ्हाळ. त्यांनी चकतीवरचा पाक बोटाने चाटला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर काकवी!" वेटरला विचारलं, तर तो म्हणाला, "मिएल दे कान्या". मधाचा काही संबंध नव्हता, उसाचा रस आटवून केलेला पाक होता तो. मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावी तो अजूनही बनतो. ऊस आणि वांगं दोन्ही अरबांनी स्पेनला नेली, आणि दोन्हींची वाट आपल्या भूमीतून गेलेली. हे मी वाचलं होतं. पण काकूंच्या तोंडून ते एका शब्दात आलं आणि टेबलावरच्या सगळ्यांना पटलं. मग रस किती आटवला की काकवी आणि किती की गूळ, यावर अर्धा तास बोलणं चाललं, आणि बशी दुसऱ्यांदा मागवली गेली.

माझी तक्रार अजून आहे. मेझकितातल्या मोझेकने मढवलेल्या मिहराबसमोर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर, आम्हाला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. 1315 चं सिनेगॉग धावत पाहिलं. शहराबाहेरचं मदिना अझारा, खलिफाच्या राजवाड्याचं ते उत्खनन, आमच्या कार्यक्रमात नव्हतंच. ते मला पाहायचंच आहे, आणि आता एकटीने नाही. डोंगराकडून तिथे पाणी कसं आणलं होतं ते बघायला काका तयार आहेत, काकूही येते म्हणाल्या आहेत. या वेळी टूर कंपनी नको, कार्यक्रम आमचा आम्हीच आखतोय.