पिंग बंद

कुठल्याही ऑफिसची फायरवॉल उघडून बघा, त्यात एक तरी नियम असा सापडतोच की तो कोणी टाकला, कधी टाकला आणि का टाकला हे तिथल्या कुणालाच सांगता येत नाही. काढायची हिंमतही होत नाही. "चाललंय ना? मग राहू दे की!" आज अशाच एका नियमाबद्दल लिहायचंय. नियम एका ओळीचा: आयसीएमपीचं येणारं प्रत्येक पॅकेट टाकून दे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेटवर्कवर खरा माल वाहून नेतात टीसीपी आणि यूडीपी. आयसीएमपी निरोप आणतो. पत्ता सापडला नाही, पॅकेट वाटेतच संपलं, वगैरे वगैरे. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९२ पासून हे काम तो करतोय. आपल्या ओळखीचा पिंगही त्याच्यावरच चालतो, आणि तिथेच बिचारा बदनाम झाला. १९९६ च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' आलं. मापाबाहेरचं मोठं पिंग पाठवायचं, की समोरचं मशीन आडवं! मग १९९८ च्या आसपास 'स्मर्फ' हल्ले गाजले. दुसऱ्याच्या नावाने पिंग पाठवायचं आणि उत्तरांचा लोंढा त्याच्या अंगावर सोडायचा. तेव्हापासून "आयसीएमपी बंद करून टाका" हा सल्ला जो चिकटला तो चिकटलाच. पिंग ऑफ डेथची भोकं केव्हाच बुजली, सल्ला मात्र चालूच आहे.

आता हा सल्ला कुणाला कसा महागात पडतो ते सांगतो. मागे एका पतसंस्थेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत जायचा योग आला. तक्रार अशी की शाखेत सॉफ्टवेअर अधूनमधून अडकतं. मुख्य कार्यालयाचं निदान आधीच तयार होतं, "तिथल्या मॅडमना कॉम्प्युटर जमत नाही." मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. त्यांना काउंटरवरून हलवायचं घाटत होतं. दिवसअखेरचं काम उरकायला रोज साडेसात वाजायचे ते वेगळंच.

मी गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढली. तारीख, खातं, त्यात नोंदी किती, उतारा आला की नाही. दोन महिन्यांचा हिशोब!

"सर, खातं लहान असलं की उतारा लगेच येतो. मोठं असलं की नुसतं गोल फिरत बसतं. मी तीनदा फोन करून कळवलं, पण ते म्हणतात परत लॉगिन करा."

खरं सांगतो, याहून चांगला बग रिपोर्ट मी फार कमी वेळा पाहिलाय.

भानगड अशी होती. साध्या इथरनेटवर एका पॅकेटमधे १५०० बाईट मावतात. शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यामधे व्हीपीएनचा टनेल होता. टनेल स्वतःचं वेष्टन चढवतो, त्यामुळे आत जागा उरली १४०० बाईटची. सर्व्हर मोठा उतारा पाठवताना १५०० चं पॅकेट सोडणार, त्यावर शिक्का 'तुकडे करू नका'. टनेलच्या तोंडाशी असलेला राउटर म्हणणार, हे मावत नाही. तो ते पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला निरोप पाठवतो की बाबा रे, १४०० चं पाठव. हा निरोप म्हणजे आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मधली. निरोप मिळाला की सर्व्हर निमूटपणे लहान पॅकेट पाठवतो आणि कुणाला काही कळतही नाही.

इथे मात्र सर्व्हरच्या अलीकडे फायरवॉल उभी होती आणि तिच्या पहिल्याच ओळीत 'पिंग बंद'! टीसीपीडंप फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना लावून पाहिलं. बाहेर निरोप येताना दिसतोय, आत त्याचा पत्ता नाही. सर्व्हर आपला तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतोय. लहान उतारे १४०० च्या आत बसत, म्हणून ते सुटत होते.

गंमत म्हणजे योग्य नियम तिथे होताच. आयपीटेबल्समधे चालू कनेक्शनशी नातं असलेल्या पॅकेटांसाठी 'रिलेटेड' अशी अवस्था असते, आणि असे निरोप तीतच मोडतात. पण आयपीटेबल्स नियम वरून खाली वाचतं. पहिल्याच ओळीने टाकून दिलेलं पॅकेट चौथ्या ओळीपर्यंत पोचणार कसं?

मुख्य कार्यालयातल्या इंजिनिअरशी फोनवर अर्धा तास हुज्जत झाली. "ऑडिटमधे येईल हो." त्याची भीतीही खोटी नव्हती, उद्या काही झालं तर बोट त्याच्याकडेच. शेवटी असं ठरलं: 'रिलेटेड'ची ओळ सर्वात वर, बाहेरून येणारं पिंग पूर्वीसारखंच बंद. म्हणजे आम्ही दार सताड उघडलं नाही, फक्त निरोप्याला आत सोडलं. त्याच संध्याकाळी सर्वात मोठ्या खात्याचा उतारा एका झटक्यात आला. मॅडमनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं ना?"

नव्हतं. "मोठं असलं की अडकतं" हेच तर राउटरही सांगत होता. दोघांचाही निरोप एकाच ऑफिसच्या दारात पडत होता, एकाचा फायरवॉलवर आणि एकाचा फोनवर.

आयपीव्ही६ मधे तर हे जास्तच जपावं लागतं, कारण तिथे वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत. 'पॅकेट फार मोठं आहे' हा निरोप अडवला की संपलं. कोणते निरोप सोडायचे नि कोणते अडवायचे याची नीट यादी २००७ च्या आरएफसी ४८९० मधे आहे. फायरवॉलवाल्यांनी एकदा वाचाच.

आणि एक विनंती. नियम टाकाल तेव्हा शेजारी कॉमेंट लिहा. काय बंद केलं हे नियमातच दिसतं, का बंद केलं ते लिहा, तारखेसकट. म्हणजे कारण संपलं की नियमही काढता येईल.